खुशालरावांचा खासगी फोटो

खुशालराव टाल्यांचा मोबाईल 'जागा भरली, जागा भरली' असं सारखं सांगू लागला, तेव्हा त्यांच्या लेकीनं, आचलनं, तो हातात घेतला, त्यावर बोटं फिरवली आणि परत दिला. "झालं बाबा. आता सगळे फोटो आपोआप क्लाऊडवर जातीन."

खुशालरावांचा घास हातातच राहिला. "कुठी जातीन?"

"क्लाऊडवर. म्हंजे कंपनीच्या मोठ्या कम्प्युटरवर."

"कोणत्या गावात हाय तो?"

"मले काय मालूम? अमेरिकेत असन, नाई तं सिंगापुरात."

खुशालराव जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. सख्ख्या भावाच्या बांधावरही साखळी टाकल्याशिवाय त्यांनी कधी विश्वास ठेवला नव्हता. "म्हंजे गट नंबर नाई, चतुःसीमा नाई, अन् माहे फोटो तिथं नेऊन टाकले?"

"पासवर्ड हाय ना त्याले!"

"कुलूप कोणाचं?"

"कंपनीचं."

"मंग दुसरी चाबी कंपनीजवळ असनच!"

आचल हसून उठून गेली. खुशालरावांना मात्र जेवण गेलं नाही, आणि त्याला कारण होतं. मागच्या हिवाळ्यात त्यांचं ऑपरेशन झालं होतं. अमरावतीत डॉक्टरांची काही कमी नाही, पण इथल्या कुठल्याही दवाखान्यात ओळखीचं माणूस भेटणार, म्हणून ते मुद्दाम अकोल्याला गेले होते. सगळ्यांना, अगदी पोरीलाही, मुतखडा सांगितला होता. खरं दुखणं होतं मूळव्याधीचं. जखम दाखवायला सारख्या खेपा नकोत म्हणून डॉक्टरांनी मोबाईलवर फोटो मागवला, आणि तो त्यांच्या बायकोनं, कौशल्याबाईंनी, खिडकीच्या उजेडात, अगदी जवळून, "हालू नका ना!" असं दटावत काढला होता.

आचल कॉलेजला गेल्यावर खुशालरावांनी बायकोला गाठलं. "तो फोटो अमेरिकेत गेला."

"कोणता?"

खुशालरावांनी नुसते डोळे मोठे केले.

"अगं बाई! पण जाऊ द्या. तिथं तुमाले कोण ओयखते?"

"चेहरा नाई त्याच्यात, पण खातं तं माह्याच नावावर हाय ना!"

लेकीला पुसायला सांगावं तर आधी सगळं तिला सांगावं लागणार. म्हणून खुशालराव स्वतःच चष्मा लावून बसले. इकडंतिकडं दाबता दाबता मोबाईलनंच विचारलं, 'फोनमधील जागा मोकळी करायची?' खुशालरावांनी आनंदानं 'होय' दाबलं. गॅलरीतला तो फोटो गेला. सोबत आचलच्या साखरपुड्याचेही गेले, पण त्याचं त्यांना काही वाटलं नाही. "मिटलं," त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन जाहीर केलं.

रविवारी मोर्शीहून व्याही आले. डोमाजी राऊत संत्र्याचे मोठे बागायतदार. माणूस बोलायचा कमी आणि बघायचा जास्त, त्यामुळे खुशालरावांना त्याची धास्ती होती. शिवाय मुतखड्याची हकिकत त्यालाही भल्ली रंगवून सांगून झाली होती. लग्नाची तारीख ठरवायची होती. चहा घेता घेता डोमाजींच्या बायकोनं, सत्यभामाबाईंनी, साखरपुड्याचे फोटो मागितले.

"मोठ्या टीव्हीवर दाखवतो ना!" आचल म्हणाली. "बाबांचं खातं जोडलं मी टीव्हीले."

खुशालरावांच्या बशीतला चहा धोतरावर सांडला. "ते फोटो तं मी पुसले!"

"फोनमधले पुसले असन बाबा. क्लाऊडवर सगळे हायेत. पहा, एकबी गेला नाई!"

टीव्हीवर एकेक फोटो आपोआप सरकू लागला. डोमाजींचा योगेश आचलला अंगठी घालतो आहे. सत्यभामाबाई पेढा भरवत आहेत. मग गच्चीतली तुळस. मग अकोल्याच्या दवाखान्यातली खाट.

"बंद कर वं तो टीव्ही! डोळे खराब होतात!" खुशालराव रिमोटवर झेपावले. आचल दचकली आणि बंद करायच्या ऐवजी तिच्या हातून भलतंच बटण दाबलं गेलं. पुढचा फोटो आला आणि तिथंच थांबला.

पडदाभर दोन गोल. लख्ख उजेडात. मधोमध लालसर चिघळलेलं.

खुशालराव टीव्हीसमोर हात पसरून उभे राहिले, पण ते पडले किडकिडीत आणि टीव्ही मोठा. कौशल्याबाईंनी पदर तोंडाला लावला.

"हे काय वो?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

डोमाजींनी चष्मा चढवला, मान पुढं केली आणि सावकाश म्हणाले, "संत्रं हाय. देठापाशी सडलं."

"दोन चिकटून आलेत!"

"येते एखांदं जुळं. कोणाच्या बागेतलं, टालेसाहेब?"

"मित्राच्या," खुशालरावांचा आवाज चिरकला. "परतवाड्याच्या."

"दवाई मारा म्हना त्याले. हयगय करू नोका म्हना."

तोवर कौशल्याबाईंनी भिंतीवरचं बटणच बंद केलं. त्यानंतर डोमाजींनी जी तारीख सुचवली ती खुशालरावांनी मान्य केली. लग्न मोर्शीला करू म्हटलं, तेही मान्य केलं.

निघताना बायका अंगणात बोलत थांबल्या. डोमाजींनी खुशालरावांचं कोपर धरून त्यांना फाटकाबाहेर नेलं.

"टालेसाहेब, माही उमर संत्र्यात गेली. संत्रं ओयखू येते मले."

खुशालरावांनी मान खाली घातली. "लोकं हासतात म्हून मुतखडा सांगितला."

"तो अकोल्याचा डॉक्टर चांगला हाय का?"

"लय चांगला. काहून?"

डोमाजींनी मागं बघितलं, बायको लांब असल्याची खात्री केली. "मले बी तेच हाय. घरी पाठदुखी सांगून ठेवली. ट्रॅक्टरवर बसवत नाई, अन् कोणाले सांगवत बी नाई."

खुशालरावांनी व्याह्याकडे पाहिलं. इतका जवळचा माणूस त्यांना आजवर भेटला नव्हता. "मी येतो संगं. घरी सांगू, आचारी पाहाले चाललो."

पुढच्या आठवड्यात दोघं व्याही अकोल्याला गेले. दोघांचं किती जमतं, याचं सत्यभामाबाईंना मोठं कौतुक वाटलं. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं, औषधं समजावली आणि काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, "काका, मोबाईल नंबर सांगा. सगळे रिपोर्ट ऑनलाइन पाठवून देतो, कधीबी पाह्यता येतीन."

"कागदावर द्या!" दोघं व्याही एकदम ओरडले.