फीवाढीला आडवी गेलेली गाडी

या शहरात गाडी चालवणाऱ्या दर तिसऱ्या माणसाला ब्रेक कुठे असतो हे मी सांगितलेलं आहे. ड्रायव्हिंग स्कूल माझं स्वतःचं, आणि आवाज असा की शिकणाऱ्याच्या आधी गाडीच थांबते. तेव्हा विद्यापीठाच्या फाटकासमोर धरणं धरून बसलेल्या मुलीला उठवून घरी आणणं म्हणजे माझ्या डाव्या पायाचं काम, असं मी बायकोला सांगून टाकलं.

"ती ऐकेल तुमचं?" बायकोनं विचारलं.

"माझं गाड्या ऐकतात."

"गाड्या तुमच्यावर गेलेल्या नाहीत. ती गेलीय."

आता खरं सांगायचं तर मुलगी उगाच बसली नव्हती. तिच्या शिक्षणासाठी आम्ही बँकेचं कर्ज काढलं होतं, आणि दुसरं वर्ष अर्ध्यावर असताना विद्यापीठानं फी अशी वाढवली की ते कर्ज म्हणजे तोकडं पांघरूण झालं. डोकं झाकावं तर पाय उघडे. जास्त कर्ज हवं तर काहीतरी तारण ठेवा, असं बँकेचे साहेब म्हणाले. माझ्याकडे तारण ठेवण्यासारखी एक ड्रायव्हिंग स्कूलची गाडी. पण साहेब तिच्यावरच गाडी शिकलेले, त्यामुळे त्यांनी विषय हळूच बदलला. त्यात धरणं धरणाऱ्यांची नावं काढून टाकणार, अशी आवई उठलेली. म्हणजे शिक्षण जाणार आणि हप्ते तेवढे राहणार.

त्या सकाळी शिकवणी होती दातांच्या डॉक्टरीणबाईंची. या बाई कुणाचीही अक्कलदाढ बोलता बोलता काढतात, पण समोरून सायकल आली तरी डोळे मिटून घेतात. म्हटलं, शिकवणीही होईल आणि मुलगीही घरी येईल. एका दगडात दोन पक्षी.

फाटकाशी पोचलो. रस्त्यावर पोरांचा समुद्र पसरलेला. मी बाईंना म्हटलं, "इंजिन बंद करा. कशालाही हात लावू नका. मी आलोच."

मुलगी पहिल्याच रांगेत होती.

"ऊठ. घरी चल," मी म्हणालो.

"बाबा, नाही येणार."

"नाव काढून टाकतील तुझं."

"फी भरता आली नाही तरी काढतीलच की. मग निदान बसून तरी जाते."

मी तिचा हात धरायला वाकलो, एवढ्यात गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. माझ्याच गाडीचा. तिचा खोकला मी झोपेतही ओळखतो.

झालं होतं असं, की एका पहारेकऱ्यानं काचेवर टकटक करून बाईंना सांगितलं, "मॅडम, गाडी पुढे घ्या." बाई आज्ञाधारक. त्यांनी गाडी पुढे घेतली. रस्ता वळला तशा त्याही वळल्या, आणि थेट मागच्या अरुंद फाटकात शिरल्या. ते फाटक नेमकं तेव्हाच उघडलं होतं, कारण पोरांना चुकवून कुलगुरू तिथून सटकत होते. समोर कुलगुरूंची लांबलचक गाडी बघताच बाईंनी डोळे मिटले आणि स्टिअरिंग गरकन फिरवलं. माझी गाडी दोन खांबांच्या मधोमध आडवी उभी राहिली. बाटलीला बूच बसावं तशी.

मी धापा टाकत पोचलो, तर पहारेकरी ओरडत होता, "मागे घ्या, मागे घ्या."

"रिव्हर्स पुढच्या आठवड्यात आहे," बाई रडवेल्या आवाजात म्हणाल्या.

"बाई, शांतपणे दांडा स्वतःकडे घ्या आणि मागे ओढा," मी खिडकीतून सांगितलं.

बाईंनी ओढला. सवयीनं. मनगटाला अगदी बारीकसा झटका देऊन. आणि गिअरचा अख्खा दांडा मुळासकट त्यांच्या हातात आला.

"दुखलं नसेल ना?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

तोवर सगळी पोरं धावत आली होती. "काकांनी गाडी आडवी घातली," कुणीतरी ओरडलं, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मी हात हलवून नाही नाही म्हणत होतो. त्यांना वाटलं, मी अभिवादन करतोय.

कुलगुरूंना शेवटी खाली उतरावं लागलं. ऊन कडक होतं. माझ्या मुलीनं आधी त्यांना पाण्याची बाटली दिली आणि मग बोलायला लागली. आवाज चढवला नाही. "सर, आम्हाला एका तिकिटात गाडीत बसवलंत आणि अर्ध्या वाटेत तिकीट वाढवलंत. आता उतरायचं तर रानात उतरायचं. तुमच्या मुलीला असं उतरवलं असतंत का?"

ही पोरगी घरी बशी उचलून ठेवत नाही, आणि इथे असं बोलते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

कुलगुरू माझ्याकडे वळले. "ही गाडी तुमची का? मग हलवा ती."

आता तुम्हाला म्हणून सांगतो. दांडा अडकवणारी खिट्टी, बाई उतरल्या तेव्हा बाहेर पडून, माझ्या पायाशी आली होती. दांडा खोचायचा, खिट्टी ठोकायची, की गाडी हलली. आजवर कितीदा केलंय ते. मी मुलीकडे पाहिलं. तिनं मला काही खूण केली नाही, नुसती बघत राहिली. मी खिट्टी बुटाखाली घेतली.

"नाही हलत, साहेब," मी म्हणालो. "मोठं काम दिसतंय. तोवर तुमचं बोलणं होऊन जाऊ दे."

बोलणं झालं. कुलगुरूंनी सावलीत उभं राहून दोन-तीन फोन केले, घाम पुसला आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, की आधीच प्रवेश घेतलेल्यांना जुनीच फी राहील, नव्यांची फी विद्यार्थ्यांना सोबत बसवून ठरेल आणि कुणाचंही नाव काढलं जाणार नाही. जो जल्लोष झाला, त्यात मुलगी येऊन मला बिलगली, लहानपणानंतर पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर फोटो आला. पोरांनी खांद्यावर उचललेल्या डॉक्टरीणबाई, डोळे मिटलेले, हातात गिअरचा दांडा उंच धरलेला. खाली छापलं होतं, 'आंदोलनाच्या धडाडीच्या नेत्या.' बायकोनं तो फोटो चौकटीत घालून बाहेरच्या खोलीत लावलाय. आल्यागेल्याला मी मुद्दाम जवळ नेऊन दाखवतो.

अगदी उजवीकडे, कडेला, ते कोपर दिसतंय ना? ते माझं.