ड्यूकनं काय उत्तर दिलं

ड्यूकला मंगळ होता, हे पुरुषोत्तमरावांनी तिसऱ्यांदा समजावून सांगितलं तेव्हा वाचनालयाच्या काउंटरवरची फियोना शांतपणे उठली आणि त्यांना विज्ञानकथांच्या कपाटापाशी घेऊन गेली. तिथे मंगळ पुष्कळ होता, ड्यूक एकही नव्हता. पुरुषोत्तमरावांनी एका पुस्तकावरचं तांबडं वाळवंट आणि त्यात उभा असलेला काचेच्या टोपातला माणूस नीट निरखून पाहिला, आभार मानले आणि ते बाहेर पडले. बाहेर न्यूझीलंडच्या ऐन हिवाळ्यातला, जुलैचा दक्षिणवारा लोअर हटच्या रस्त्यावरून शिट्टी घालत चालला होता. तो टोपीत शिरला, कोटात शिरला, आणि वर्षभर जिथे नुसतं रिकामंच होतं तिथेही शिरला.

त्या ड्यूकची ओळख त्यांना प्रमोदिनीबाईंनी करून दिली होती. लेक वल्लरी हॉस्पिटलात फार्मासिस्ट. ती आणि जावई सकाळी बाहेर पडले, नात शाळेत गेली, की पुण्याहून आलेली ही दोन म्हातारी माणसं आणि भिंतीवरचा हीटर, एवढंच घरात उरायचं. प्रमोदिनीबाई वाचनालयातून मोठ्या ठशाच्या कादंबऱ्या आणू लागल्या. सगळ्या दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातल्या. कुणी ड्यूक, कुणी अर्ल. वाड्याला शंभर खिडक्या, तबेल्यात घोडे, आणि लग्नाचं नाव काढलं की कपाळाला आठी. शेवटच्या पानापर्यंत तो नको नको म्हणायचा आणि मग एकदाचा म्हणायचा. प्रमोदिनीबाई सकाळी वाचायच्या आणि दुपारी, भाजी निवडता निवडता, ते सगळं नवऱ्याला मराठीत सांगायच्या. “आटपाट नगर होतं, तिथे एक ड्यूक होता.”

त्यांच्या तोंडून आलं की इंग्लंडाचं पार माहेर होऊन जायचं. ड्यूकच्या आत्या हळदीकुंकू करायच्या, उमराव मुलगी पाहायला गेले की कांदेपोहे यायचे, सोयरीक अडायची ती मंगळापायी. मधेच त्या एखादी ओवीही रचून टाकायच्या:

ड्यूक बाई रुसला, म्हणे नको मला नवरी,
दाराआड वाजे बांगडी, नजर झाली बावरी.

पुरुषोत्तमरावांचा जन्म पंपांच्या कारखान्यात गेला. कादंबरी म्हणून त्यांनी कधी उघडली नव्हती. श्रीमंतांची रीत सगळीकडे सारखीच असणार, असं त्यांनी धरून घेतलं. ऐकताना पेपर मात्र तोंडासमोर असायचा. बायको एवढं रंगवून सांगते तर एखादा हुंकार द्यावा, एकदा तरी ‘मग?’ म्हणावं, हे त्यांना जमलं नाही. पण कथा संपून प्रमोदिनीबाई “सुफळ संपूर्ण” म्हणत चहा टाकायला उठल्या की लक्षात यावं, पेपरचं पान तासभर उलटलेलंच नाही.

शेवटची कथा तेवढी अर्धी राहिली. त्यात ड्यूकचं लग्न होऊन वर्षानुवर्षं लोटली होती आणि एके संध्याकाळी डचेसनं त्याला विचारलं होतं, “त्या दिवशी आमच्या घरी तुम्ही आपणहून आलात, की आत्यांनी ढकललं म्हणून?” एवढं सांगून प्रमोदिनीबाई थांबल्या. निवडलेली मेथी हातात तशीच धरून त्यांनी पेपरकडे पाहिलं. पेपरातून काही आवाज आला नाही. “पुढचं उद्या,” त्या म्हणाल्या. “एवढंच वाचून झालंय.”

ते उद्या हॉस्पिटलात उगवलं, आणि तिथून त्या घरी आल्याच नाहीत. दिवसकार्य झालं, माणसं आली-गेली. त्या धांदलीत वल्लरीनं आईच्या उशाशी होती तेवढी पुस्तकं वाचनालयाच्या पेटीत टाकून दिली. पुस्तकाचं नाव पुरुषोत्तमरावांनी कधी पाहिलं नव्हतं. वर्ष होत आलं तसं त्यांना एकच वाटू लागलं. बाकी काही आता हातात नाही, पण ड्यूकनं काय उत्तर दिलं ते तरी कळावं.

या वेळी मंगळाचं नाव न काढता ते पुन्हा फियोनाकडे गेले. लग्न नको असलेला ड्यूक, एवढंच सांगितलं. तिनं हातानं एक कमान काढली, खिडकीपासून थेट दारापर्यंत. ते सगळेच तसे होते. म्हणून पुरुषोत्तमरावांनी डावीकडून सुरुवात केली. पंप बिघडला की टोकापासून एकेक सांधा तपासत यायचं, हीच त्यांची पद्धत. ते एका खेपेला चार ड्यूक आणायचे, गॅरेजमध्ये हीटरपाशी बसून वाचायचे, मंगळ निघाला नाही की परत करायचे.

अडचण होती ती मुखपृष्ठांची. प्रत्येकावर एक ड्यूक, सदऱ्याची बटणं बेंबीपर्यंत उघडी, आणि त्याच्या हातांवर मान टाकलेली कुणी तरी. नात अनुष्कानं एक पाहिलं आणि विचारलं, “आजोबा, हिज शर्ट इज ब्रोकन?” तेव्हापासून पुस्तकं गॅरेजमधल्या पान्ह्यांच्या खणात जाऊ लागली. लपवल्यामुळे ती पुस्तकं अधिकच वाईट दिसू लागली.

मराठी मंडळाच्या सुनीताताईंनी त्यांना चार ड्यूक छातीशी धरून बसस्टॉपवर उभं असलेलं पाहिलं. सुनीताताईंचं मन मोठं आणि फोन त्याहून मोठा. रविवारपर्यंत मंडळात ठरून गेलं होतं, की पुरुषोत्तमरावांना एकटेपण सोसवत नाही, आणि यात लाजण्यासारखं काय आहे. पाठोपाठ सुनीताताईंनी वल्लरीलाच फोन केला. त्यांच्या ओळखीच्या एक दमयंतीबाई होत्या, हॅमिल्टनला, तिथल्या दुधाच्या कारखान्याजवळ लेकाकडे राहणाऱ्या. विधवा, शांत, पुरणपोळी अशी की विचारू नका. नुसतं चहाला बोलवायचं, दुसरं काही नाही.

वल्लरी फोन ठेवून गॅरेजमध्ये आली. तिनं पान्ह्यांचा खण उघडला. वरचा ड्यूक तिच्याकडे बघून हसत होता.

“बाबा, वर्षश्राद्ध तरी होऊ द्यायचं होतं,” ती म्हणाली.

पुरुषोत्तमरावांना सांगायचं पुष्कळ होतं. पण पुष्कळ असलं की त्यांच्या गळ्यात गाळ बसायचा, हे तर जुनंच दुखणं. ते “तसं काही नाही” एवढंच म्हणाले आणि पन्हळ तुंबलीय का ते बघायला गेले. पन्हळ तुंबलेली नव्हती. तरी ते बराच वेळ शिडीवर उभे राहिले.

त्यानंतर घरात पोळ्या झाल्या, कपडे वाळले, टीव्ही लागला, बोलणं तेवढं राहिलं. लेक ताट वाढायची आणि तोंड फिरवायची. आईसारखीच तिची मान डावीकडे वळायची, त्यानं जास्तच लागायचं.

इकडे फियोनाला त्यांची दया आली होती. दर बुधवारी सकाळी वाचनालयात बायकांचा एक गट जमायचा. त्यांना सगळे ड्यूक तोंडपाठ आहेत, त्यांना येऊन विचारा, असं तिनं सुचवलं. पुरुषोत्तमराव नको म्हणाले. पुढल्या खेपेलाही नको म्हणाले. मग एका रात्री कपाटातला शेवटचा ड्यूक वाचून झाला आणि त्यालाही मंगळ नव्हता.

बुधवारी सकाळी त्यांनी कोट घातला. वल्लरीची दुपारपाळी होती. कुठे निघालात, असं तिनं विचारलं, ते सुद्धा टोस्टरकडे बघून.

“एक पुस्तक शोधतोय,” ते म्हणाले. “आईचं. अर्धं राहिलेलं.”

वल्लरीनं बटरची सुरी खाली ठेवली. सोडते म्हणाली, आणि न्यायलाही येते म्हणाली.

गटात दहाबारा बायका होत्या. चहा, आल्याची बिस्किटं, मांडीवर विणकाम. मधल्या खुर्चीत नायरी नावाची एक ऐसपैस माओरी आजी होती. तिनं जन्मभर शाळेची बस चालवली होती, त्यामुळे तिच्यासमोर कुणीही आपोआप सरळ बसायचं. “किया ओरा, डिअर,” माओरीत रामराम घालत ती म्हणाली, “सांग तुझा ड्यूक.” पुरुषोत्तमराव उभे राहिले, आणि बिघाडाचा अहवाल द्यावा तशा इंग्रजीत, क्रमवार, सांगू लागले.

मंगळाशी गाडी अडेल असं त्यांना वाटलं होतं. जन्मवेळेचा एक वाईट ग्रह, त्यामुळे लग्न जुळत नाही, असं ते म्हणाले. बायकांनी समजून माना हलवल्या. शाप म्हणायचा त्याला, नायरी म्हणाली, शापवाले ड्यूक ढिगानं असतात. पुढे सांग.

पुढे आत्या ड्यूकला बळेच मुलगी दाखवायला घेऊन जाते. ड्यूक दिवाणखान्यात बसतो. मुलीकडे बघत नाही, छताकडे बघतो. बाहेर अंगणातलं कारंजं गळत असतं, टप टप टप. सगळी माणसं बोलताहेत आणि ड्यूकला तेवढंच ऐकू येतंय. शेवटी तो उठतो, कोट काढून खुर्चीवर टाकतो आणि जाऊन कारंजं दुरुस्त करतो.

“स्वतःच्या हातानं?” कुणी तरी विचारलं.

“वॉशर गेला होता.”

त्या काळी वॉशर असायचे का, अशी शंका एका चष्मेवालीनं काढली. चामड्याचे असायचे, पुरुषोत्तमरावांनी तिला सांगितलं, आणि ते पुढे गेले. आता त्यांना अहवालाची गरज उरली नव्हती. प्रमोदिनीबाईंचीच वाक्यं एकामागून एक, जशी ऐकली होती तशी, येत होती. दुसऱ्या दिवशी कारंजं पुन्हा गळायला लागलं. निरोप गेला. ड्यूक पुन्हा आला, या वेळी आत्याशिवाय. महिन्याभरात लग्न ठरलं. आणि पुढे जन्मभर, चार माणसं जमली की डचेस हसून सांगायची, आमच्या ह्यांना सगळं येतं हो, एक नळ तेवढा जमत नाही.

बोलता बोलता ते थांबले. कारंजं म्हणायचं होतं, नळ म्हणून गेले होते.

खोलीत सुया थांबल्या. नायरीनं त्यांच्याकडे पाहिलं, आरशातून मागच्या सीटवरच्या पोराकडे पाहावं तसं. मग हळू आवाजात विचारलं, की ते स्वतः काय काम करायचे.

“पंप,” पुरुषोत्तमराव म्हणाले. “मोठे. पाण्याचे.”

असं पुस्तक वाचनालयात नाही, कुठेच नसावं, हे फियोनानं फार मायेनं सांगितलं. त्याची गरज नव्हती. कर्वे रस्त्यामागचं ते घर, मोरीतला तो नळ, परकरी मेहुण्यांची खुसखुस, सगळं त्यांच्यासमोर लख्ख उभं होतं. एवढे ड्यूक पालथे घातले, आणि ज्याला शोधत होते तो सदऱ्याची सगळी बटणं लावून गॅरेजमध्ये बसला होता. मेथीची ती जुडी आठवली. पेपरकडे बघत थांबलेली ती आठवली. ती वाचायची थांबली नव्हती. ती विचारून थांबली होती.

“मग?” नायरी म्हणाली. “तिनं विचारलं. तो काय म्हणाला?”

पुरुषोत्तमराव खाली बसले. कुणी बिस्किटाकडेही हात नेला नाही.

“पहिल्या दिवशी आत्यानं ढकललं,” ते म्हणाले. “ते खरंच आहे. लग्न करायचंच नव्हतं. नकार द्यायचा ठरवूनच गेलो होतो... गेला होता.” त्यांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. “नळ उघडला तेव्हा ती बादली धरून उभी होती. पाणी उडालं तोंडावर. ती हसली नाही. तिनं पदर दिला, पुसायला.”

“आणि दुसऱ्या दिवशी नळ पुन्हा गळला म्हणून...” नायरी म्हणाली.

“वॉशर जुनाच परत बसवला होता,” पुरुषोत्तमराव म्हणाले. “नवा खिशात होता.”

चष्मेवालीनं चष्मा काढला. कुणी तरी नाक ओढलं. नायरीनं खुर्ची जवळ सरकवली आणि त्यांच्या गुडघ्यावर आपला जाडजूड हात ठेवला.

“तिला कधी सांगितलंस?”

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. राहून गेलं. आज सांगू, उद्या सांगू. मग मुलगी झाली, कारखाना, बदल्या. मग वाटलं, आता या वयात काय सांगायचं.

“अरे वेड्या,” नायरी म्हणाली, “कारखाने चालवणाऱ्या माणसाला एक नळ जमत नाही, यावर कुठली बाई विश्वास ठेवेल?”

बायका हसल्या, डोळे पुसत हसल्या. पुरुषोत्तमरावही हसायला गेले, पण ते हसू वाटेतच कुठे तरी फुटलं. चार माणसांत, सणासुदीला, लेकीच्या लग्नात, एक नळ तेवढा जमत नाही, असं म्हणून बायको त्यांच्याकडे बघायची. दर वेळी ते ताटाकडे बघायचे. ती थट्टा नव्हती. ती दार किलकिलं करून वाट बघत होती, आणि ते आपले बाहेर उभे राहून वॉशर चाचपत होते.

वल्लरी गाडी घेऊन उभी होती. वाऱ्यानं गाडी हलत होती. ते बसले, पट्टा लावला. ती गाडी सुरू करेना.

“मिळालं पुस्तक?”

“मिळालं.”

“शेवट कसा आहे?”

“बरा आहे,” ते म्हणाले. “जरा उशीर झालाय त्याला.” मग समोरच्या काचेकडे बघत त्यांनी विचारलं, “वल्लरी, आई तुला त्या नळाबद्दल काय सांगायची गं? आमच्या लग्नातल्या?”

“कांदेपोह्यांच्या वेळचा? हेच, तुम्हाला नळ दुरुस्त करता येत नाही म्हणून.” वल्लरीनं त्यांच्याकडे पाहिलं, बऱ्याच दिवसांनी सरळ पाहिलं. “आणि म्हणायची, यावरून बाबांना तू चिडवायचं नाहीस हं. मीच चिडवणार. त्यांचं त्यांना सांगू दे कधी तरी.”