वासूकाकाची सोमवारची कॅप्सूल

आमचा वासूकाका कुठलीही वस्तू तोंडात घालण्याआधी एकच प्रश्न विचारतो, ‘‘ही शिवराक मा गो?’’ शिवराक म्हणजे आमच्या पेडण्याकडे ज्यात मासळी, मटण, अंडं काही नाही ते. प्रश्न जेवणापुरता असता तर ठीक होतं. काका तो टूथपेस्टबद्दल विचारतो, खोकल्याच्या औषधाबद्दल विचारतो, पाकिटाचा डिंक जिभेने ओला करण्याआधी विचारतो. सकाळी पोदेर सायकलवरून पाव घेऊन येतो. त्यालाही गेली कित्येक वर्षं तेच, ‘‘अंडा-बिंडा नाय मा रे ह्यात?’’ पोदेर शांतपणे सांगतो, ‘‘काका, हो पाव. केक न्हय.’’ दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर.

यावरून हा कुणी साधुपुरुष असेल असं वाटेल. तसं अजिबात नाही. नुस्त्याचा, म्हणजे मासळीचा, वार असला की काका बांगड्याची मुंडी अशी चोखतो, की आमचं मांजर नुसतं बघून निघून जातं. पण शिवराक वार म्हणजे शिवराक वार. गावात सगळ्यांना एक सोमवार असतो. काकाला सोमवार, गुरुवार आणि शनिवार.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. आई म्हणते, हे तू बसथांब्यावरसुद्धा सांगतेस. सांगणारच. मी पाचवीत असताना वडील गेले. आई लोकांच्या बागांत काजूचे बोंडू वेचायची, पावसाळ्यात लोकांच्या शेतात लावणीला जायची. वडिलांचा धाकटा भाऊ वासूकाका डिचोलीला खाणीवर टिपर चालवायचा, आणि त्या टिपरवर आमची चूल पेटायची. लग्न त्याने केलंच नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, ‘‘टिपरात एकच सीट बरी आसता.’’

मग खाणी बंद पडल्या. काका एक पत्र्याची पेटी आणि खनिजाच्या धुळीने कायमचा तांबडा झालेला टॉवेल घेऊन घरी आला. त्या वर्षी आमच्याकडे रात्री पेज आणि लोणचं, सकाळी पेज आणि कालचंच लोणचं. मी बारावीला होते. हिचं शिक्षण आता पुरे करूया, असं आई बोलली. काका म्हणाला, ‘‘वयनी, ता सोडून दुसरा कायव बंद कर.’’ हरमलच्या किनाऱ्यावर जाऊन त्याने शॅकवाल्यांची, म्हणजे झावळ्यांच्या हॉटेलवाल्यांची, टेबलं उचलली, भाड्याच्या स्कूटर धुतल्या. मी पदवी घेतली, औषधांच्या कारखान्यात तपासणीच्या खात्यात लागले. घरात चार घास बरे येऊ लागले. आणि सगळं ठीक झाल्यावर काकाला भीती लागली.

कसली, ते त्याला सांगता येईना. ‘‘माका भंय दिसता,’’ एवढंच. आमचं घर तेरेखोल नदीच्या काठाला, म्हणून तो भीती भरतीच्या पाण्यासारखी मोजायचा. ‘‘आज घोट्यार आसा.’’ ‘‘आज कमरेर.’’ ‘‘गळ्यार इला’’ म्हणाला की त्या दिवशी जेवायचा नाही. आम्ही आधी हसायचो. नंतर तो सांगेनासा झाला, आणि मग भीती आम्हाला लागली. नदीच्या धक्क्यावर एकटाच पाण्याकडे बघत बसायचा. आई मला सारखी पाठवायची, ‘‘काकाक चायेक बोलाव.’’ एवढा चहा आमच्या घरात कुणीच पीत नव्हतं. मी घरातून चालत निघायचे, आंब्याच्या वळणावर आले की धावत सुटायचे, आणि धक्क्यावर त्याची पाठ दिसली की पुन्हा चालायला लागायचे. त्याला कळू नये म्हणून.

शेवटी म्हापशाला नेलं. मनाचा डॉक्टर म्हटल्यावर काका बाहेरच्या बाकावर तोंडासमोर पेपर धरून बसला. ‘‘आपल्या गावचो कोण नाय मा, बघ.’’ होता. आमचा शेजारी बाबनी. दोघांची नजरानजर झाली. बाबनी म्हणाला, मी एका पाव्हण्याला घेऊन आलोय. काका म्हणाला, मी हिला घेऊन आलोय. पाव्हणा काही मला दिसला नाही. मी मात्र पेशंट होऊन बसले.

डॉक्टरांनी रोज दुपारी जेवल्यावर एक कॅप्सूल सांगितली. गुण यायला काही आठवडे लागतील, सुरुवातीला त्रास होईल, आपल्या मनाने बंद करायची नाही.

त्रास झाला. काकाचं तोंड सुकलं. ‘‘जीब बघ, खारो बांगडो झाली,’’ म्हणून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला जीभ दाखवायचा. जांभया तर अशा, की एका बाराव्याला ऐन पिंडदानाच्या वेळी त्याने एक दिली आणि ती जमलेल्या माणसांतून फिरत भटजींपर्यंत गेली. स्वप्नं इतकी खरी पडू लागली, की एका सकाळी तो बाबनीच्या दारात जाऊन कोयता मागू लागला. बाबनीने तो स्वप्नात नेला होता. बाबनीने वाद न घालता स्वतःचा कोयता काढून दिला.

पण रात्री त्याचे हात कापायचे, घामाने सदरा भिजायचा, आणि तो आईला विचारायचा, ‘‘वयनी, ह्या औषद उलटा चलता काय गो?’’ पहिल्या दिवसांत भीती कमी व्हायच्याऐवजी वाढली होती. मी कारखान्यात दिवसभर औषधंच बघते, तरी घरचा फोन वाजला की हातातली बाटली खाली ठेवूनच मी तो घ्यायचे. आधीच सांगितलं होतं डॉक्टरांनी, असं स्वतःला बजावायचे. कळणं वेगळं आणि घाबरणं वेगळं.

मग एका दुपारी काका म्हणाला, ‘‘घोट्यार.’’ आणि माशाच्या हुमणात मीठ कमी आहे अशी तक्रारही केली. आई आत जाऊन पदर डोळ्यांना लावून उभी राहिली. काही दिवसांनी त्याला शाळेच्या बालरथावर ड्रायव्हरची नोकरी मिळाली. वाड्यावाड्यांवरची मुलं शाळेत न्यायची आणि आणायची. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही. टिपरवाला आता पोरांना ‘‘सावकाश चड, बाय’’ म्हणू लागला.

आणि मग करंट सुरू झाला.

‘‘मान वळयलंय की डोक्यात करंट मारता,’’ तो म्हणायचा. कधी मंगळवारी सकाळी, कधी शुक्रवारी. मधले दिवस बरा असायचा. त्याने स्विचला हात लावणं सोडलं, घरात रबरी चपला घालून फिरू लागला, मीटर बदलून घेऊया म्हणाला. आईने मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. मी विचारलं, ‘‘काका, कॅप्सूल घेतोस ना?’’ म्हणाला, ‘‘चालू आसा.’’

एका मंगळवारी सकाळी मला कारखान्यात त्याचा फोन आला. आवाज अगदी हळू.

‘‘बाय, गाडी कडेक लावलंय. पोरां बरी आसत. चावी बाईंच्या हातात दिलंय. तू ये.’’

मी स्कूटर कशी चालवली ते मला आठवत नाही. नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर बालरथ उभा होता. पोरं काजूच्या झाडाखाली रांगेत, बसमधल्या बाई त्यांच्याकडून पाढे म्हणून घेत होत्या. काका बसच्या पायरीवर दोन्ही हातांनी डोकं धरून बसला होता. चाकांखाली त्याने चार दगड लावले होते.

‘‘उतरणीर करंट मारलो,’’ तो म्हणाला. ‘‘एका रस्त्याचे दोन झाले. खरो खयचो ता कळना. पाठी पोरां गाणा म्हणी होती, गो.’’

खाली नदीचं पाणी चमकत होतं. मी तिकडे बघितलं आणि काकाशेजारी पायरीवर बसले. शाळेने सांगितलं, डॉक्टर बरं म्हणेपर्यंत चावी शाळेकडेच राहील. त्यात चूक काहीच नव्हतं. पण काकाने घरी येऊन उशीत तोंड घातलं, आणि मला धक्क्यावरची ती पाठ पुन्हा दिसू लागली.

दुसऱ्याच दिवशी आम्ही म्हापशाला गेलो.

‘‘कॅप्सूल रोज घेता?’’ डॉक्टरांनी विचारलं.

‘‘घेतंय.’’

‘‘परवा सोमवारी घेतलीत?’’

‘‘सोमवारी मी शिवराक आसतंय, डॉक्टर.’’

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कॅप्सूल गिळवेना म्हणून काकाने एकदा ती कोमट पाण्यात टाकली. तिचं कवच फुगून बुळबुळीत झालं, पापलेटाच्या डोळ्यासारखं. त्याला संशय आला. डॉक्टरांना विचारायचा राहिलेला आपला नेहमीचा प्रश्न त्याने औषधाच्या दुकानात जाऊन विचारला, आणि दुकानदाराने खरं ते सांगितलं, हे कवच जनावरांच्या हाडांपासून करतात. तेव्हापासून काका कॅप्सूल फक्त नुस्त्याच्या वारी घेत होता. ‘‘नुस्त्याच्या वारी एकव चुकवूक नाय,’’ त्याने डॉक्टरांना अभिमानाने सांगितलं.

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, ‘‘करंट औषधाने मारत नाही. औषध मध्ये मध्ये सुटतं म्हणून मारतो. असंच चालू ठेवलंत तर ती भीती पुन्हा गळ्यापर्यंत येईल.’’

‘‘कवच काडून आतला तेवढा घेतलंय तर?’’

‘‘नाही. तसं घेण्याचं ते औषध नव्हे. दुसरं देता येईल, पण हे तुम्हाला लागू पडलंय. बदललं तर पुन्हा पहिल्यापासून सगळं.’’

पहिल्यापासून म्हटल्यावर काका पांढरा पडला. पण रोज घेईन असं काही बोलला नाही.

म्हापशाच्या बसस्टँडवर माझा तोल गेला. ‘‘देवाला दुसरं काम नाही काय? तुझ्या कॅप्सूलचं कवच तपासत बसलाय तो?’’

काका पेडण्याच्या बसच्या पाटीकडे बघत राहिला. ‘‘सोमवार सोड. सोमवाराचा देव समजून घेयत. पण बेस्तरवार आणि शनवार माजे नाय, गो.’’

‘‘मग कुणाचे?’’

‘‘तुजे. बेस्तरवार तुज्या बारावीक सोडलंय. शनवार कॉलेजाक. देवाक सांगलंय, हिका पास कर, ह्या दोन वारी मी नुस्त्याक हात लावचंय नाय. देवान आपला काम केल्यान. आता मी मोडलंय आणि तुका कायतरी झाला तर? नोकरी गेली, स्कूटर घसरली? माज्या डोक्यात करंट मारता तो मारूंदे. ता माका सोसता. तुजा काय झाला तर ता माका सोसूचा नाय.’’

कंडक्टर पेडणे, पेडणे ओरडत होता. आमची बस भरून निघून गेली तरी आम्ही उभेच. माझ्या पदवीत माझा अभ्यास होता, आईचे बोंडू होते, हे मला ठाऊक होतं. काकाचे दोन वारही होते, हे मला तिथे कळलं.

आमच्याकडे देवाला दिलेला शब्द आपल्या मनाने फिरवता येत नाही, आणि काकाला तर तसं सांगून उपयोगच नव्हता. दिलेला शब्द देवालाच विचारून फिरवावा लागतो. आईने गुरवाला निरोप दिला, आणि रविवारी सकाळी आम्ही रवळनाथाच्या देवळात गेलो. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतात, गुरव गाऱ्हाणं घालतो, उजवीकडची पाकळी पडली तर देवाला मान्य. जमलेले लोक गाऱ्हाण्याला साथ देतात. म्हणजे जे काय असेल ते गावासमोर बोलावं लागतं.

गुरवाने विचारलं, ‘‘कसला औषद म्हणान सांगू?’’

काकाचा कान लाल झाला. मी ‘‘पित्ताचं’’ म्हणणार होते. तो माझ्याआधी म्हणाला, ‘‘मनाचा. भंयाचा. तसाच सांग.’’

‘‘बा देवा रवळनाथा,’’ गुरवाने सुरू केलं, ‘‘ह्या तुज्या लेकरान पोरीच्या शिक्षणासाठी वार धरलेले आसत. ते तो पाळताच आसा. पण मनाक भंय लागला म्हणान डॉक्टरान कॅप्सूल दिलेली आसा. ती तो औषद म्हणान घेता, नुस्ता म्हणान नाय. तर ती शिवराकच मानून घे, आणि पोरीक आणि तेका सुखी ठेव रे महाराजा.’’

‘‘व्हय महाराजा,’’ लोक म्हणाले. सगळ्यात मोठा आवाज खांबामागून आला. बाबनी होता. त्याने कुणाकडेही बघितलं नाही.

पाकळी हलेना. गुरवाने पुन्हा विनवलं. मी बी.एस्सी. आहे. ओली पाकळी कशी सुकते आणि का सुटते ते मी फळ्यावर लिहून दाखवीन. तरीही मी त्या पाकळीवरून नजर काढत नव्हते, कारण डावी पडली असती तर काकाला परत आणणारं माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. काकाने डोळे मिटून घेतले होते. त्याचे ओठ माझं नाव पुटपुटत होते, स्वतःचं नव्हे.

उजवी पडली.

तरी सोमवारी दुपारी कॅप्सूल हातात घेऊन त्याने ती उलटसुलट करून बघितली. मी रजा घेतली होती. डाळ-भात जेवून त्याने ती गिळली आणि समोर बसून माझ्याकडे बघत राहिला.

‘‘तुका बरा मा?’’

‘‘बरं आहे.’’

‘‘चक्कर?’’

‘‘काका, कॅप्सूल तू घेतलीस.’’

‘‘ता खरा. पण आज स्कूटर नको घेव.’’

मी घेतली नाही. संध्याकाळपर्यंत तो मला अधूनमधून विचारत होता. पुढच्या गुरुवारी कमी विचारलं. शनिवारी विसरला.

त्यानंतर काकाने कॅप्सूल चुकवलेली नाही. मासळी त्या तीन वारी तो अजूनही खात नाही. करंट थांबला. डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही असं शाळेला कळवलं, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर बसमधल्या बाईंनी बालरथाची चावी त्याच्या हातात दिली. आता वासूकाका रोज औषध घेतो, आणि आमच्या गावची पोरं शाळेत नेऊन सुखरूप घरी आणतो.