भास्करनानांचं स्टूल

आमच्या शेजारचे भास्करनाना स्कूटरला लाकडी स्टूल बांधून जळगावभर फिरतात. बिघडलेल्या वस्तूसमोर ते मांडायचं आणि नुसतं बघत बसायचं. आमचा मिक्सर अधूनमधून बंद पडायचा. नाना त्याच्यासमोर पन्नास मिनिटं बसले. एकदाही बंद पडला नाही. "बिघाड लाजरा असतो, भाऊ," म्हणाले आणि चहा पिऊन गेले. अकराव्या मिनिटाला मिक्सर बंद!

नाना कारखान्यांसाठी कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहितात. वय एकोणसाठ, घरात एकटे. मध्यंतरी एका डाळमिलमधला वजनाचा प्रोग्राम चालता चालता कोसळू लागला. लिनक्स नावाच्या संगणकप्रणालीवरचा होता. नानांनी त्याला तपासणीचं सॉफ्टवेअर जोडलं आणि नऊ दिवस समोर बसले. शून्य वेळा कोसळला. दहाव्या दिवशी ते सगळं काढून जेवायला आले, तर तासाभरात तीनदा.

मिलमालक म्हणाले, "नाना, इथंच राहायला या. खाट टाकतो."

शेवटी कारण सापडलं, ते नानांनी आमच्या स्वयंपाकघरात समजावलं. "प्रोग्रामात चार धागे, म्हणजे चार कामकरी समजा, एकदम काम करतात. समजा, वहिनी म्हणजे एक धागा. डाळ मोजताहेत, तिसरं माप अर्धं भरलंय. तेवढ्यात तुमची हाक, म्हणजे सिग्नल. त्या माप तसंच टाकून धावल्या, आणि तुम्ही काम सांगितलं तेही त्याच मापानं मोजायचं. झाला घोळ, कोसळला! तपासणी जोडली की हाक आधी तिच्याकडे जायची, उशिरा पोचायची, तोवर माप भरलेलं असायचं."

"मी कशाला टाकू माप?" ही म्हणाली. "'आले' म्हणेन, माप पुरं करीन, मग जाईन."

"बघा! एवढंच त्या प्रोग्रामला कळत नव्हतं."

नानांनी ते त्याला शिकवलं. त्यानंतर तो कोसळला नाही. मिलमधून फोनही आला नाही.

नानांची थोरली बहीण, अक्का, जवळच्या असोदा गावात एकटी असते. संध्याकाळ झाली की तिच्या छातीत धडधडतं. डॉक्टरांनी दोनदा तपासलं, हृदय ठणठणीत. नाना रोज जाऊन तिच्या खाटेशी स्टूल मांडतात. एकदा मीही गेलो. घड्याळ लावून नाडी मोजली : शहात्तर.

"मले काय झालंय?" अक्का हसली. "हा आला की बठ्ठं सगळं बरं असतं."

परत निघताना मी म्हणालो, "नाना, कारण तर उघड आहे. एकटेपणा. अक्काच्या शेजारची कमल रोज संध्याकाळी येऊन बसायला तयार आहे म्हणते. बिघाड मिटला."

नाना स्टूल बांधत होते. दोरीची गाठ त्यांनी दोनदा सोडली, दोनदा बांधली.

"मिटेल हो," ते म्हणाले. "मग संध्याकाळी मी कुठं जाऊ?"

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर त्यांची स्कूटर सुरू झाली. मी घड्याळ पाहिलं नाही, कमलचं नावही पुन्हा काढलं नाही.