येथे चिकटवून मिळत नाही

"बाबा, माझ्या डब्या विकायला मांडीन म्हणते, एक फळी द्या. हातभर लांब. आरशाशेजारची रिकामीच असते," सूनबाई म्हणाली.

"रिकामी कुठंय? तिच्यावर माझा चष्मा असतो," मास्तर म्हणाले आणि कापडावर कात्री चालवत राहिले.

चष्मा त्या क्षणी त्यांच्या नाकावर होता. पण सूनबाई शहाणी. सासऱ्याच्या नाकाकडे बोट न दाखवता तिने एक पत्र्याची छोटी डबी टेबलावर ठेवली आणि झाकण उघडलं. आत लहानमोठ्या सेफ्टी पिना होत्या, दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी होती, इस्त्री फिरवली की वितळून कापडाला धरणारी दुसरी एक पट्टी होती, दाबून बसवायची बटणं होती आणि कागदांना लावतात तसे काळे चिमटे होते. सुई नव्हती. मास्तरांनी डबीत असं पाहिलं, जसं एखाद्या आचाऱ्याने दुसऱ्याच्या घरून आलेल्या डब्यात पाहावं.

"ऑफिसला निघालेल्या माणसाचं बटण तुटलं, तर तो तुमच्याकडे येऊन 'उद्या या' ऐकत बसेल का?" तिने विचारलं.

"बसतो की. माझी गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं ऐकतायत. तक्रार नाही कुणाची."

"तुमच्यासमोर नाही करत."

"हे बघ पोरी, कापड शिवायचं असतं. चिकटवायचं ते पाकीट. दारावरची पाटी वाचलीस ना?"

पाटी न वाचता दुकानात शिरणं कुणालाच शक्य नव्हतं, कारण ती बरोबर कपाळाच्या उंचीला टांगलेली होती. 'येथे चिकटवून मिळत नाही.' एकदा एका घाईतल्या गिऱ्हाइकाने पॅंटची दुमड "जरा चिकटवून द्या की" म्हटलं होतं. त्याला मास्तरांनी हाकलून दिलंच, वर त्याच संध्याकाळी पाटी रंगवून घेतली.

"बरं, तुमचा सत्कार होऊ दे, मग बोलू," सूनबाई डबी मिटत म्हणाली.

"सत्कारानंतरही उत्तर हेच. फक्त माइकवरून असेल, एवढाच फरक."

सत्कार शिंप्यांच्या मंडळातर्फे होता. शहरातले झाडून सगळे शिंपी येणार, मंडळाचे अध्यक्ष मास्तरांच्या छातीवर बिल्ला लावणार आणि त्यावर मास्तर 'पक्का टाका' या विषयावर बोलणार, असा बेत होता. भाषण तोंडपाठ होतं. पहिलंच वाक्य होतं, "चिकटवलेलं कधी टिकत नाही." हे वाक्य ते आरशासमोर इतक्या वेळा म्हणाले होते, की घरातलं मांजरही ते ऐकून उठून जायचं.

मास्तर तसे नियमाचे पक्के. त्यांचा सगळ्यात जुना नियम दोऱ्याचा. पांढरा दोरा तो कच्चा, कापडाच्या रंगाचा दोरा तो पक्का. कपडा आधी पांढऱ्या दोऱ्याने धावता टाका घालून नुसता जोडायचा, गिऱ्हाइकाच्या अंगावर घालून बघायचा, मग मशीनवर पक्की शिवण मारायची आणि पांढरा दोरा ओढून काढायचा. पांढरं दिसतंय तोवर कपडा दुकानाबाहेर जाणार नाही, हा त्यांचा बाणा होता आणि त्यात कधी चूक झाली नव्हती.

सत्काराच्या दिवशी मास्तरांनी स्वतःसाठी शिवलेला गडद निळा सूट चढवला. कित्येक वर्षांत त्यांनी स्वतःसाठी काही शिवलंच नव्हतं. लेक कामासाठी बाहेरगावी होता, म्हणून मास्तर, त्यांची बायको आणि सूनबाई अशी तिघंच टॅक्सीत बसली. बसताक्षणी कुठेतरी 'तट्' असा बारीक आवाज झाला.

"काय वाजलं हो?" बायकोने विचारलं.

"सीटची स्प्रिंग."

टॅक्सी वळली. मास्तरांनी पाय सावरला, तर पॅंटची दुमड सुटून बुटावर येऊन बसली. ती बघायला ते वाकले आणि मागच्या बाजूने तट्, तट्, तट् अशी रांगच लागली.

"एवढ्या स्प्रिंगा?" बायको म्हणाली.

मास्तरांनी हळूच मागे हात नेऊन चाचपलं. बैठकीची शिवण जिथे असायला हवी तिथे त्यांची बोटं आरपार गेली. त्यांनी सुटलेला दोरा ओढून डोळ्यांसमोर धरला. निळा, लांब, सलग, धावत्या टाक्याचा दोरा. आणि त्यांना ती संध्याकाळ आठवली. पांढरी रीळ संपली होती. निळी हाताशी होती. 'आपलाच तर सूट, आपल्याला ठाऊक आहे कच्चा आहे ते,' असं म्हणून त्यांनी निळ्याने सगळा सूट जोडून टाकला होता. मग गिऱ्हाइकांची झुंबड उडाली. पुढे कपाट उघडलं तेव्हा पांढरं कुठे दिसेना, म्हणजे पक्का झाला असणार असं ते धरून चालले. आयुष्यभर डोळे झाकून पाळलेल्या नियमाने त्यांना बरोबर डोळे झाकूनच खड्ड्यात घातलं होतं.

"अहो, रंग का उडाला तुमचा?"

"सूट कच्चा आहे," मास्तर पुटपुटले.

"कुठे?"

"सगळीकडे."

बायको खिडकीबाहेर बघू लागली. तिचे खांदे हलत होते. सूनबाईने मात्र पर्समधून पत्र्याची डबी काढून मांडीवर ठेवली.

"काही बोलू नकोस," मास्तर म्हणाले.

"मी कुठे काय बोलले बाबा?"

मागच्या दाराने तिघं सभागृहात शिरली आणि रंगमंचामागच्या खोलीचं दार लावून घेतलं. भिंतीपलीकडे शहरातले सगळे शिंपी बसले होते. एखाद्याकडे सुई-दोरा मिळाला असता, पण सुई मागायची म्हणजे कशाला हवी ते सांगावं लागणार, आणि त्यापेक्षा मास्तरांना खिडकीतून उडी परवडली असती. शिवाय माइकवर त्यांच्या नावाची स्तुती सुरूही झाली होती.

"दुमड चिकटवू. पण पट्टीला इस्त्री लागेल," सूनबाई म्हणाली.

"इथे कुठली इस्त्री?" बायकोने इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात पाहुण्यांच्या चहाची स्टीलची किटली वाफाळत होती. तिघांनी आधी किटलीकडे पाहिलं, मग एकमेकांकडे.

मास्तर खुर्चीवर उभे राहिले. सूनबाईने दुमडीत पट्टी सरकवली, वर रुमाल धरला आणि किटलीचं तापलेलं बूड त्यावर टेकवलं. मास्तरांनी छताकडे बघत राहायचं ठरवलं होतं, पण हाडाचा कारागीर गप्प कसा बसणार?

"घासू नकोस. दाब आणि उचल. दाब आणि उचल. हां. आता शिवणीवर जरा जास्त वेळ."

"असं?"

"अस्सं. हात चांगला आहे तुझा," ते बोलून गेले आणि लगेच खोकले.

बैठकीला आतून पिना लागल्या, त्यांच्यावर चिकटपट्टी चढली. उजव्या बाहीचा खांदा सुटत आला होता, तिथे एक मोठी पिन बसली. सूनबाईने चारी बाजूंनी फिरून पाहिलं.

"छान दिसताय. फक्त वाकायचं नाही, लांब पाऊल टाकायचं नाही आणि शिंकायचं नाही."

"श्वास?"

"वरवर घ्या."

मास्तर रंगमंचावर आले ते काठोकाठ भरलेला पेला हातात असल्यासारखे. खुर्चीच्या कडेवर टेकले आणि ताठ बसून राहिले. समोर कुजबुज झाली, "काय बसणं आहे बघा. सूट घालावा तर असा." कौतुक ऐकून छाती फुगायला हवी होती, पण ती सोयही नव्हती.

मंडळाचे अध्यक्ष म्हणजे देहाने आणि दुकानाने मोठे गृहस्थ. त्यांचं नि मास्तरांचं कधी जमलं नाही. मास्तर त्यांच्या कोटांना 'खोळी' म्हणत आणि ते मास्तरांच्या दुकानाला 'उद्या या भवन'. हातात बिल्ला घेऊन अध्यक्ष निघाले, पण सरळ न येता खेकड्यासारखे आडवे आडवे आले. पाठ पडद्याकडे आणि तोंड लोकांकडे. मास्तर जपून उभे राहिले, पण त्यांना हे जरा विचित्र वाटलं. अध्यक्षांनी बिल्ला लावला, हात खाली घेतले आणि त्यांच्या मागे काहीतरी टक् करून पडलं. काळा चिमटा होता.

"मास्तर," अध्यक्ष ओठ न हलवता म्हणाले, "घात झाला. माझा कोट मागून उभा फाटलाय. चिमट्यांवर होता."

"केव्हा फाटला?"

"निघताना. वाढलोय मी थोडा. आता मी वळलो तर सगळ्या मंडळाला बनियन दिसेल. तुमच्याकडे ती डबी आहे का?"

"कुठली डबी?"

"अहो, तुमच्या सूनबाईंची. मी गेल्या महिन्यात घेतली त्यांच्याकडून. अर्ध्या मंडळाने घेतलीय. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या होत्या."

मास्तरांना एकाच वेळी राग, हसू आणि शिंक अशी तिन्ही येऊ पाहत होती. त्यांनी तिन्ही गिळली. डबी खाली पहिल्या रांगेत सूनबाईच्या पर्समध्ये होती. जवळ होत्या त्या फक्त अंगावरच्या पिना. बैठकीच्या पिनांना हात लावायची छाती नव्हती. उरली खांद्याची. त्यांनी समोर उभ्या त्या घामाने डबडबलेल्या माणसाकडे पाहिलं. 'उद्या या भवन' आठवलं. एवढी संधी पुन्हा आली नसती. पण उघड्या पाठीचा शिंपी, मग तो कुणीही असो, शिंप्याला बघवत नाही. त्यांनी डाव्या हाताने खांद्याची पिन उपसली.

"पण लावणार कशी सगळ्यांसमोर?" अध्यक्ष कुजबुजले.

मास्तरांनी दोन्ही हात पसरून त्यांना मिठी मारली.

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. इतक्या वर्षांचं वैर असं सगळ्यांदेखत मिटताना पाहून मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या शिंप्याने डोळे पुसले. अध्यक्षांच्या पाठीमागे मास्तरांची बोटं न बघता काम करत होती. फाटलेल्या कडा जुळवल्या, आत दुमडल्या, पिन आरपार घातली, अडकवली.

"लागली?"

"लागली. पोट आत घ्या जरा."

"तेवढं नका मागू."

मिठी सुटली. मास्तरांनी हात खाली आणला आणि त्याबरोबर उजवी बाहीही खाली आली. खांद्यावरून सुटली ती थेट मनगटाशी येऊन गोळा झाली. टाळ्या विरल्या. शहरातले सगळे शिंपी एका बाहीकडे बघू लागले, आणि शिंप्यांची नजर म्हणजे काय ते शिंप्यालाच ठाऊक.

मास्तर माइकसमोर उभे राहिले. जिभेवर पहिलं वाक्य तयार होतं, "चिकटवलेलं कधी टिकत नाही." त्यांनी खाली पाहिलं. पॅंटची दुमड किटलीच्या जोरावर जागच्या जागी होती. पहिल्या रांगेत सूनबाई दोन्ही हातांत पर्स घट्ट धरून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर 'बघा, मी म्हटलं नव्हतं' असं काहीही नव्हतं. ती नुसती काळजीत होती, बाप पडेल की काय अशा काळजीत. मास्तरांना तिच्याबद्दल एकदम फार माया वाटली.

"मंडळी," ते म्हणाले, "पांढरा दोरा संपला होता."

एवढंच वाक्य. दुसऱ्या कुठल्या सभेत कुणाला त्यातलं ओ की ठो कळलं नसतं. पण इथे क्षणभरात सगळं कळलं आणि हसण्याची अशी लाट उठली, की माइक शिट्टी वाजवायला लागला. हसणाऱ्यांतल्या प्रत्येकाचा पांढरा दोरा कधी ना कधी संपलेला होता.

"माझं भाषण पक्क्या टाक्यावर होतं," मास्तर पुढे म्हणाले. "पण या क्षणी मी उभा आहे तो पिनांवर, पट्टीवर आणि इथल्या चहाच्या किटलीवर. आणि हे सगळं करणाऱ्या माझ्या सुनेला मी एक फळी नाकारलीय."

मधल्या रांगेतून एकजण उठला आणि त्याने कॉलर उलटी करून आतली पिन दाखवली. दुसऱ्याने चिमटा लावलेला पट्टा दाखवला. "माझं बटण दाबून बसवलंय," एक बाई म्हणाल्या. शेवटी अध्यक्षांनी माइक हातात घेतला. "मी पाठ दाखवत नाही," ते म्हणाले, "पण ती आत्ता मास्तरांच्या पिनेवर आहे, एवढं सांगतो." त्या दिवशी चहा उशिरा झाला, कारण किटलीबरोबर फोटो काढायला रांग लागली होती.

घरी आल्यावर मास्तरांनी दार लावून पॅंटची दुमड ओढून पाहिली. निघेना. जोर लावून ओढली. तरी निघेना. त्यांना थोडा रागच आला.

दुसऱ्या दिवशी फळीवरचा चष्मा हलला. पण डब्या मांडायला आलेल्या सूनबाईला मास्तरांनी अडवलं. "पिना अशा पत्र्यात खडखडत ठेवतात का कुणी?" ते म्हणाले आणि मशीनवर बसले. सुटाचं उरलेलं निळं कापड काढून त्यांनी छोट्या पिशव्या शिवल्या. प्रत्येकीला आतून अस्तर, पिनांना वेगळा कप्पा, पट्टीला वेगळा, तोंडाला हातशिलाई. सामान होतं न शिवता भागवायचं आणि पिशवीला मात्र टाका इतका बारीक, की भिंगातून बघावा. सूट तसाच पिनांवर खुंटीला लटकत होता. बायकोने विचारलं, "तो कधी पक्का करणार?" मास्तर म्हणाले, "उद्या."

पाटी जागच्या जागी राहिली. तिच्याखालून वाकून एक बाई दुकानात आल्या, फळीवरची पिशवी हातात घेऊन उलटीपालटी करून बघत राहिल्या.

"मास्तर, पिशवी फारच सुरेख आहे हो. आतलं सामान नको मला. नुसती पिशवी द्याल?"

सूनबाई आरशाजवळ डोकं खाली घालून चिमटे मोजत होती. ती थांबली. मास्तरांनी नाकावरच्या चष्म्यातून आधी तिच्याकडे पाहिलं, मग गिऱ्हाइकाकडे.

"नाही बाई," ते म्हणाले. "दोन्ही एकत्रच आहे ते. आमच्याकडे उसवून मिळत नाही."