पलीकडचे सर

आडदऱ्याच्या प्राथमिक शाळेत मदतनीस शिक्षक म्हणून समोरच्या डोंगरातला प्रतिध्वनी नेमला गेला, तेव्हा गावात कोणाला फारसं नवल वाटलं नाही. जागा बरीच वर्षं रिकामी होती. ज्यांची नेमणूक व्हायची ते एकदा येऊन घाट बघून जायचे आणि तालुक्याला पोचायच्या आत आजारी पडायचे. प्रतिध्वनी स्थानिक होता. त्याला खोली लागत नव्हती, आणि बदलीसाठी तो कोणाकडे खेटे घालेल असंही दिसत नव्हतं.

मुलाखत विस्तार अधिकारी आवटी साहेबांनी शाळेच्या ओट्यावर उभं राहून घेतली.

"शिकवायची आवड आहे?" त्यांनी दरीपलीकडे ओरडून विचारलं.

"आवड आहे," डोंगर म्हणाला.

"अशा आडगावात राहाल?"

"राहाल."

"मोजकं बोलतात," साहेब लोखंडे बाईंना म्हणाले. "मागचे गृहस्थ घरभाड्यावरून खाली उतरायलाच तयार नव्हते."

कुंदा लोखंडे या शाळेतल्या एकुलत्या एक बाई. चारही इयत्ता त्याच शिकवायच्या, घंटाही त्याच द्यायच्या, आणि छपरावर चढलेलं करडूही त्यांनाच उतरवावं लागे. मदतीला कोणीतरी मिळालं यातच त्यांना समाधान होतं. त्यांनी तिसरी-चौथी आत घेतली आणि पहिली-दुसरी डोंगराकडे तोंड करून ओट्यावर बसवली. एकेका मुलाने मोठ्याने वाचायचं आणि पलीकडून येईल ते कान देऊन ऐकायचं. आपली चूक दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की मुलं ती आपणहून सुधारायची. मुलं प्रतिध्वनीला पलीकडचे सर म्हणू लागली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिली तक्रार आली. यमुना भांगरे हातातलं खुरपं न ठेवताच शाळेत आली.

"बाई, आमचा दौलत जेवताना 'कर' मागतो. मला वाटलं काहीतरी सरकारी भानगड आहे. मग कळलं, भाकर मागतोय."

बाईंनी चौकशी केली. पहिलीतली सगळीच पोरं शब्दांची शेपटं तेवढी बोलत होती. आंब्याला 'बा', पाटीला 'टी'. मास्तर जसं बोलतात तसं पोरं बोलणार, त्यात पोरांचा दोष नव्हता. मधल्या सुट्टीत बाई ओट्याच्या कडेला गेल्या. नव्या माणसाला सगळ्यांदेखत बोलायला त्यांना बरं वाटेना, पण हळू बोलून उपयोग नव्हता.

"शब्द पूर्ण उच्चारायचा," त्या म्हणाल्या.

"च्चारायचा," डोंगर म्हणाला.

"हे असं चालणार नाही. पालकांना मी काय उत्तर देऊ?"

या वेळी उत्तर यायला जरा वेळ लागला. मग ते आलं, ते अगदी पहिल्या अक्षरापासून. "हे असं चालणार नाही. पालकांना मी काय उत्तर देऊ?"

त्यातला चिंतेचा सूर इतका खरा होता, की आपण जास्तच तोडून बोललो असं बाईंना दिवसभर वाटत राहिलं. पण त्यानंतर तक्रार आली नाही. दौलत अख्खी भाकर मागू लागला.

फेब्रुवारीत बाईंची मुलगी वैजू बाळंतपणाला टेकली. पहिल्या खेपेला बाईंना जाता आलं नव्हतं. शाळेला कुलूप लावून जायचं कसं म्हणून त्या थांबल्या, आणि ते मूल काही वाचलं नाही. वैजूने आईला कधी बोल लावला नाही. फोनवर ती फक्त शाळेची चौकशी करायची, आणि तेच बाईंना जास्त लागायचं.

या खेपेला त्यांनी रजा मागितली. आवटी साहेबांनी ती लगेच मंजूर केली.

"आता मदतनीस आहेत की तुमच्याकडे," ते म्हणाले. "फक्त वर्ग चालू दिसला पाहिजे. तो बंद दिसला तर मला रजा रद्द करून तुम्हाला परत बोलवावं लागेल."

अडचण एवढीच होती, की पलीकडच्या सरांना आपणहून सुरुवात करायची सवय नव्हती. शनिवारी शाळा सुटल्यावर बाई ओट्यावर थांबल्या. "मी आत्ता सगळं सांगून ठेवते," त्या डोंगराला म्हणाल्या. "तुम्ही ते सोमवारपासून सांगा. घाई करू नका."

मग त्यांनी प्रार्थनेपासून सुरुवात केली. हजेरी घेतली, पाढे म्हटले, कविता चालीवर म्हटली, दंगा करणाऱ्यांना दटावलं. मुलांना लिहायला जिथे वेळ लागतो तिथे तेवढा वेळ गप्प उभ्या राहिल्या. ऊन उतरेपर्यंत घसा कोरडा पडला. डोंगराने एक अक्षर परत केलं नाही. रुसले की काय, असं बाईंच्या मनात आलं. मागे बोललेलं मनात धरलं असेल तर वैजूचं कसं व्हायचं? पण आता विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर तेही सोमवारी मुलांना ऐकू गेलं असतं. त्या पिशवी उचलून एसटीला गेल्या.

सोमवारी सकाळी वैजूला तालुक्याच्या दवाखान्यात आत नेलं. बाई बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. नर्स बाई काही सांगत नव्हत्या. कळा सुरू होऊन बराच वेळ झाला होता, आणि जावई उगाचच पाण्याची बाटली उघडत आणि बंद करत होता. दुपारी फोन वाजला. शाळेतली खिचडी शिजवणाऱ्या अनसूया गवारींचा होता.

"बाई, शाळा भरली बरं का," अनसूयाबाई म्हणाल्या. "तुमचाच आवाज येतोय. प्रार्थना झाली, पाढे झाले. मधे तुम्हाला शिंक आली, ती पण आली."

"मुलं ऐकतायत ना?"

"ऐकतायत, मागनं म्हणतायत. कवितेनंतर ते नवीन दिलंय ना तुम्ही, ते पण पाठ झालं त्यांचं."

"नवीन काय दिलंय?"

"ते नाही का? 'देवा, माझ्या वैजूचं या वेळी नीट होऊ दे.' एका सुरात म्हणतायत. दौलतला जमेना, तर सरांनी त्याच्याकडून परत परत म्हणून घेतलं."

आपण ते पुटपुटल्याचंही बाईंना आठवत नव्हतं. फोनमधून मागे मुलांचा गलका ऐकू येत होता, आणि त्यामागून, लांबून, त्यांचा स्वतःचा आवाज. त्यांनी फोन कानापासून काढला नाही. तेवढ्यात दार उघडलं आणि नर्स बाईंनी मुलगी झाल्याचं सांगितलं. दोघी सुखरूप होत्या.

आठवडा संपल्यावर बाई परतल्या, तर आवटी साहेब शाळेत त्यांची वाट बघत बसले होते.

"तुमची रजा लागू होत नाही," ते म्हणाले. "बुधवारी मी अचानक भेट दिली. तुम्ही हजर होता."

"मी वैजूकडे होते, साहेब."

"मी या कानांनी तुम्हाला ऐकलंय. मी ओट्यावर पाय ठेवला आणि तुम्ही म्हणालात, मागे कोण उभं आहे, खाली बसा."

"मग?"

"मग मी बसलो," साहेब म्हणाले. "शुद्धलेखन घेतलंत. माझ्या चार चुका निघाल्या. हजर असलेल्या व्यक्तीला मी गैरहजर दाखवू शकत नाही. पण रजा वरून मंजूर होऊन आलेली आहे, ती कोणीतरी घेतलीच पाहिजे. शाळेत दुसरं कोण आहे?"

दोघांनीही डोंगराकडे पाहिलं.

अशा रीतीने पलीकडचे सर रजेवर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दौलतने धडा वाचला आणि दरीतून काही आलं नाही. वर्ग खोळंबू नये म्हणून बाईंनी चौथीची मुलं डबे देऊन डोंगरावर पाठवली. त्यांनी ओट्यावरून येईल ते परत बोलायचं होतं. मुलांनी काम चोख केलं, पण त्यांना दम धरवत नसे. इकडून 'बे त्रिक' म्हटलं की तिकडून थेट 'सहा' यायचं. गावातली माणसं गुरांना हाका मारायची, तर डोंगर म्हणायचा, "ती ओढ्याकडे गेलीत."

त्याच आठवड्यात पलीकडच्या खोऱ्यात एक लग्न झालं. बँड एकच सांगितला होता, पण ऐकू आले दोन, असं वऱ्हाडी सांगत होते.

सोमवारी पलीकडचे सर कामावर रुजू झाले. आवाज थोडा बसलेला होता. बाईंनी रजेत काय केलं ते विचारलं नाही. त्या ओट्याच्या कडेला आल्या आणि सहज म्हणाल्या, "बरं वाटतंय ना?"

"बरं वाटतंय ना?" डोंगराने विचारलं.

इतक्या वर्षांत शाळेत बाईंना हे कोणी विचारलं नव्हतं.

"वाटतंय," त्या म्हणाल्या, आणि तिनाचा पाढा सुरू केला.