चायना ग्रासला फुटलेलं पीस

आईंना खरं काय ते सांगायचं नाही, एवढाच छोटासा निर्णय मी घेतला होता.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे, म्हणजे नाना, गेले आणि माझी बायको सुमेधा त्यांना वेंगुर्ल्याहून आमच्याकडे जर्मनीत, र्युसेल्सहाइमला घेऊन आली. येताना त्या भूक बहुतेक तिकडेच विसरल्या. पानावर बसायच्या, दोन घास चिवडायच्या आणि "पुरे गं" म्हणून उठायच्या. सुमेधाने आंबोळ्या घातल्या, सोलकढी केली, कुठून तरी फणसाचा डबाबंद गरा पैदा केला. उपयोग शून्य. आईंच्या हातातली बांगडी कोपरापर्यंत सरकायला लागली. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि म्हणाले, "सगळं उत्तम. फक्त जेवायला हवं." (हे ऐकायला आम्ही कितीतरी दिवस टेर्मिनची, म्हणजे अपॉइंटमेंटची, वाट बघत होतो.)

सुमेधा बाथरूममध्ये नळ सोडून रडायची. नळ बंद झाला की मी घाईघाईने पेपरात डोकं घालायचो.

कँटीनमध्ये मी हे सगळं लिनला सांगितलं. लिन मूळचा चीनचा, माझ्याच टीममध्ये गाड्यांचे ब्रेक डिझाइन करतो.

"आमच्याकडे कुणी खंगलं की आजी घरट्याचं सूप देते," तो म्हणाला. "एक पक्षी आपल्या लाळेचं घरटं बांधतो. ते भिजवायचं, खडीसाखर घालून वाफवायचं. आमचे राजेलोक प्यायचे. फुफ्फुसं, कांती, ताकद, सगळ्याला चांगलं."

"खरंच गुण येतो?"

"आल्झो… म्हणजे बघ, आजी म्हणते येतो. विज्ञान म्हणतं, सूप आहे."

मी आजीच्या बाजूने मत दिलं.

लिन भला माणूस. दुसऱ्याच दिवशी त्याने लाल डबा आणून दिला. बायकोच्या बाळंतपणात त्याच्या आईने पाठवलेल्यातला शिल्लक. आत रेशमी अस्तर, आणि त्यावर शेवयांची वाळलेली वाटी असावी तसं काहीतरी पांढरट. आता अडचण अशी, की आमच्या आई केकमध्ये अंडं नाही ना, हे बेकरीतल्या बाईला दोन्ही हातांनी अंड्याचा आकार करून विचारणाऱ्या. त्यांना पक्ष्याची लाळ कशी पाजायची?

"चायना ग्रास आहे, आई," मी म्हणालो. "उपासालासुद्धा चालतं."

(उपासाचं कुणी विचारलं नव्हतं. पण थोडं खोटं पकडलं जातं. भरघोस खोट्याला लोक मान देतात.)

सुमेधालाही मी चायना ग्रासच सांगितलं. रविवारी सकाळी ते भिजत घातलं, तर धाग्यांत ही बारीक बारीक पिसं! सुमेधाचा भुवयांचा प्लकर घेऊन मी ती उपटत बसलो.

"माझा प्लकर कुठे गेला?" ती बाहेरून ओरडली.

"गवत निवडतोय!"

जेवायच्या वेळी आईंसमोर वाटी ठेवली. सुमेधा श्वास रोखून उभी. आईंनी एक चमचा घेतला. मग दुसरा. मग वाटी तिरकी केली.

"अजून आहे का हो उल्हासराव? गोड लागतंय तोंडाला."

सुमेधाचे डोळे भरले. या वेळी ती नळाकडे गेली नाही. मला तर चेव चढला. दुसरी वाटी भरता भरता मी सांगायला लागलो, की हे खाऊन चीनच्या एका राणीला नव्वदीत नवे दात आले, आणि ते इतके मजबूत की तिने राजवाड्याचं कुलूप चावून…

"पापा, दास इस्ट डोख फोगलश्पुके!" मुलगी ईश्वरी म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. शाळेत नुकताच पक्ष्यांचा प्रोजेक्ट झालेला. पक्ष्याची थुंकी तिने टेबलापलीकडून ओळखली.

"काय म्हणते?"

"म्हणते, मला पण हवं."

"नाइन!" ईश्वरी किंचाळली. नाइन म्हणजे नाही, एवढं जर्मन आईंना येत होतं.

त्यांनी वाटीत चमचा फिरवला आणि त्याच्या टोकावर एक काळं पीस उचलून धरलं.

"उल्हासराव, गवताला पिसं कधीपासून फुटायला लागली?"

मग मला खरं सांगावं लागलं. ते मला मुळीच नीट जमत नाही.

"उल्हास! आईला थुंकी पाजलीस?" सुमेधा ओरडली. मी मनात आईंचं परतीचं तिकीट काढूनसुद्धा टाकलं.

आई मात्र पीस बघत बसल्या होत्या.

"म्हणजे उष्टंच की हे," त्या म्हणाल्या.

"हो… तसं टेक्निकली…"

"लग्न झालं तेव्हापासून मी ह्यांच्या ताटात जेवले. हे उठले की त्याच ताटात मी. ही कॉलेजात गेली आणि भांडली, म्हणाली, ही गुलामी आहे. हे इतके ओशाळले! दुसऱ्या दिवसापासून माझं ताट वेगळं. हिचं बरोबरच होतं. पण हिची पाठ वळली की हे शेवटचा घास माझ्या पानात सरकवायचे. लिंबू पिळलेला भात. अगदी आजारपणातसुद्धा." त्यांनी पीस ताटाच्या कडेला ठेवलं. "तुमच्या मशीनमधून ताटं कशी लख्ख निघतात. त्यात वाढलेलं माझं आहे, असं वाटतच नाही. घशाखाली उतरत नाही ते."

मी हातातला सुपाचा डाव खाली ठेवला.

"आई, मला कधी बोलली नाहीस गं," सुमेधा कशीबशी म्हणाली.

"काय बोलायचं? जिंकली होतीस तू."

ईश्वरीने हातातलं अर्धं खाल्लेलं ब्रेत्सेल, तो खारा जर्मन पाव, आजीच्या ताटात ठेवलं. "नीम, ओमा." घे, आजी.

आईंनी त्यावरच्या दातांच्या खुणांवरून बोट फिरवलं. मग एक तुकडा मोडला. रडत रडत त्यांनी ते सगळं संपवलं, आणि म्हणाल्या, "मीठ फार घालतात हो हे लोक."

राजेलोकांचं सूप वाटीत तसंच गार झालं.

आता ईश्वरी रोज काहीतरी अर्धं ठेवते. बांगडी अजून सैलच आहे. पण आईंचं पान रिकामं होतं. कधी कधी लिंबू मागतात, आणि पिळून झालं की बराच वेळ तसंच भाताकडे बघत बसतात. लिनला मी सांगितलं, सूप लागू पडलं. "गेनाऊ, अगदी बरोबर," तो म्हणाला, "आजी म्हणतेच."

आपणही काहीतरी करावं असं मला फार वाटत होतं. परवा जेवताना मी अर्धी पोळी आणि थोडी भाजी मुद्दाम मागे ठेवली आणि ताट हळूच आईंकडे सरकवलं.

आईंनी ताटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"संपवा ते, उल्हासराव. पोर प्रेमाने उरवते. तुम्ही दुधी आहे म्हणून उरवलाय."

आणि त्यांनी मला आणखी एक डाव दुधी वाढला.